नदीचे मूळ आणि रोहूचे कूळ

वाण्याच्या दुकानात गेलेली गृहिणी नुसते ‘गहू द्या’ असे म्हणत नाही. लोकवन हवा की शरबती, हे ती आधी सांगते. तांदळातले आंबेमोहोर, कोलम, इंद्रायणी हे भेद तिला तोंडपाठ असतात. आंब्याच्या दिवसांत हापूस श्रेष्ठ की पायरी, यावर घराघरांत वाद झडतात. गाय घ्यायची तर ती गीर आहे, खिल्लार आहे की जर्सी, याची चौकशी झाल्याखेरीज सौदा होत नाही. हीच चोखंदळ मंडळी मासळी बाजारात शिरतात तेव्हा मात्र रोहू म्हणजे रोहू! कल्ला उचलून पाहायचा, लाल आहे ना, डोळे खोल गेलेले नाहीत ना, एवढी खातरजमा केली की मासा पिशवीत. ‘मावशी, हा कुठल्या वाणाचा रोहू?’ असे कोणी विचारत नाही आणि विचारलेच तर मावशी चमत्कारिक नजरेने पाहील.

यात मावशीचा दोष नाही आणि आपलाही नाही. धान्य आणि गुरेढोरे माणसाळवण्याचे काम माणूस हजारो वर्षे करीत आला. त्यातले चांगले निवडायचे, तेच बियाण्याला ठेवायचे, हे शहाणपण आपल्या आजीच्या कणगीतही होते. माशांच्या बाबतीत मात्र आपण अगदी परवापरवापर्यंत शिकारीच होतो. पाण्यात जे असेल ते जाळ्यात येणार, त्याचे आईबाप कोण हे विचारण्याचा प्रश्नच नव्हता. चीनमध्ये कार्प जातीचे मासे अडीच हजार वर्षांपासून तळ्यात पाळले जातात हे खरे. चिनी लोकांनी एका साध्या मातकट माशातून निवड करीत करीत सोनेरी मासाही घडवला. पण तो शोभेसाठी. आपल्याकडे चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात माशांचे प्रकार आणि त्यांना कोणते खाद्य घालावे याचे वर्णन सापडते. मत्स्यपालनाची हौस जुनी आहे. माशाची पैदास मात्र नदीच्या मर्जीवर चालत होती.

पुराची वाट पाहणारा मासा

रोहू, कटला आणि मृगळ हे तीन मासे म्हणजे गोड्या पाण्यातील भारतीय मत्स्यशेतीचा कणा. रोहू मूळचा उत्तरेकडील मोठ्या नद्यांच्या खोऱ्यांतला. आज तो आपल्याकडच्या तलावांत आणि शेततळ्यांत सर्रास दिसतो, तो माणसाने आणून सोडल्यामुळे. या माशांचा एक हट्टी स्वभाव आहे. तळ्यात ते खातात, वाढतात, माद्यांच्या पोटात अंडीही तयार होतात. पण साठलेल्या पाण्यात त्या अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळ्यातला पूर लागतो. नदी फुगून काठावरच्या उथळ मैदानात पसरली की या माद्यांना कंठ फुटतो, असे म्हणा ना!

त्यामुळे पूर्वी मत्स्यबीज म्हणजे नदीतून गोळा केलेले बीज. बंगाल-बिहारात पावसाळ्यात नदीच्या धारेत बारीक जाळी लावून अंडी आणि पिल्ले पकडायची, मातीच्या हंड्यांत भरायची आणि रेल्वेने दूरदूरच्या प्रांतांत पाठवायची, असा तो व्यवहार होता. वाटेत किती मरत आणि जगलेल्यांत रोहू किती व इतर खादाड मासे किती, हे तळ्यात सोडून काही महिने गेल्यावरच कळे.

हे चित्र पालटले ते १९५७ साली. डॉ. हिरालाल चौधरी या बंगाली शास्त्रज्ञाने ओडिशातील अंगुल येथे एक प्रयोग यशस्वी केला. माशाच्या मेंदूच्या बुडाशी पीयूषिका नावाची इवलीशी ग्रंथी असते. एका माशाची ही ग्रंथी काढून तिचा अर्क त्यांनी दुसऱ्या, अंड्यांनी भरलेल्या मादीला टोचला. ग्रंथीतील संप्रेरकांनी मादीच्या शरीराला जणू पूर आल्याची वर्दी दिली आणि तिने बंदिस्त पाण्यात अंडी घातली. ब्राझीलमध्ये १९३० च्या दशकात अशा दिशेने प्रयोग झाले होते. पण भारतीय कार्प माशांना हे तंत्र लागू करून दाखवण्याचे श्रेय चौधरींचे. तो दिवस होता १० जुलै. आजही हा दिवस आपल्या देशात राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. चौधरी २०१४ साली वारले. आपल्या ताटातील रोहूच्या तुकड्यावर त्यांचे किती ऋण आहे, हे सामान्य खवय्याला ठाऊकही नाही.

या शोधामुळे गावोगाव मत्स्यबीज केंद्रे निघाली. पुढे चिनी पद्धतीचे गोल हौद आले. त्यात पाणी सतत फिरत ठेवतात, नदीच्या प्रवाहाचा आभास निर्माण करतात आणि एका रात्रीत लाखो अंडी मिळवतात. आता तर ग्रंथी काढण्याचीही गरज उरली नाही. संप्रेरकाचे तयार इंजेक्शन मिळते. जिऱ्याएवढी पिल्ले ती मत्स्यजिरे, ती वाढून बोटाएवढी झाली की बोटुकली, असे गोड शब्दही मराठीत रुळले.

घरातल्या घरात सोयरिक

पण एक अडचण सुटली की तिच्या पोटातून दुसरी जन्माला येते. रोहूची मादी तिच्या वजनाच्या किलोमागे दोन-तीन लाख अंडी देते. म्हणजे तीन किलोच्या एकाच मादीपासून सहा लाखांहून अधिक अंडी! मग केंद्रचालकाने शेकडो मासे कशाला पाळावेत? पाच-पंचवीस जोड्यांत हंगाम साधतो. पुढच्या वर्षीच्या पैदाशीसाठी याच पिल्लांतली काही ठेवली जातात. त्यांची पिल्ले त्याच्या पुढच्या वर्षांसाठी. बाहेरचे रक्त येतच नाही.

लग्न जुळवताना गोत्र आणि देवक पाहणाऱ्या आपल्या समाजाला यातली गोम सांगायला नको. हिशेबच मांडायचा तर असा. समजा एखाद्या केंद्रात २० माद्या आणि ५ नर आहेत. डोकी मोजली तर २५. पण आनुवंशशास्त्राचा हिशेब वेगळा असतो. पुढच्या पिढीतील निम्मा वारसा त्या पाच नरांकडूनच येणार असल्याने हे २५ मासे प्रत्यक्षात १६ माशांच्या बरोबरीचे ठरतात. सोळाच्या कळपात दर पिढीला जवळच्या नात्यातील संकराचे प्रमाण सुमारे तीन टक्क्यांनी वाढते. दोन पिढ्यांत ते सख्ख्या आते-मामे भावंडांच्या लग्नातून होणाऱ्या संततीइतके होते आणि पाच पिढ्यांत सावत्र बहीण-भावांच्या संततीलाही मागे टाकते. अशा पिल्लांची वाढ खुंटते, मरतूक वाढते, काहींच्या अंगात व्यंग निघते. बाहेरून पाहणाऱ्याला यातले काही दिसत नाही. तो म्हणतो, यंदा पाणी मानवले नाही.

याहून गमतीची, खरे तर दुःखाची, गोष्ट पुढेच आहे. तळ्यातला सर्वांत मोठा मासा कुठे जातो? बाजारात, कारण त्याला भाव चांगला मिळतो. विकून उरलेले बारके मासे पैदाशीसाठी राहतात. शेतकरी टपोरे कणीस बियाण्याला ठेवतो आणि उरलेले दळायला पाठवतो. इथे नेमके उलटे. पिढ्यान् पिढ्या हळू वाढणाऱ्यांचीच निवड होत जाते आणि तीही कोणाच्या मनात नसताना. डॉ. अंबेकर एकनाथ आणि कॅनडातील डॉ. रॉजर डॉयल यांनी १९८० च्या दशकात कर्नाटकातील मत्स्यबीज केंद्रांचा अभ्यास केला तेव्हा जवळच्या नात्यातील संकर आणि नकळत होणारी ही उलटी निवड, हे दोन्ही धोके त्यांनी स्पष्टपणे मांडले. त्यात भर म्हणजे एकाच गोल हौदात रोहू आणि कटला एकत्र सोडले तर त्यांचाही संकर होतो. ही पिल्ले दिसायला मधलीच, पुढे तीही प्रजननक्षम निघतात आणि मग शुद्ध रोहू कोणता आणि शुद्ध कटला कोणता, हेच कळेनासे होते.

नॉर्वेचा धडा

यावर उपाय सापडला तो अगदी वेगळ्या पाण्यात. नॉर्वेत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला समुद्रातील जाळीदार पिंजऱ्यांत सामन मासा पाळण्याचा धंदा नुकताच रांगू लागला होता. हाराल्ड शेरवोल्ड हे तिथले नामांकित पशुपैदास शास्त्रज्ञ. त्यांचे काम गाई-डुकरांवरचे. त्यांनी विचार केला की, गाईत निवड चालते तर माशात का चालू नये? त्यांनी आणि त्यांचे सहकारी ट्रिग्वे येड्रेम यांनी नॉर्वेतील सुमारे चाळीस नद्यांतून सामन गोळा केले आणि जगातील पहिला मोठा, शिस्तबद्ध मत्स्यपैदास कार्यक्रम सुरू केला. दर पिढीला वाढीत दहा टक्क्यांहून अधिक सुधारणा मिळू लागली. गाईबैलांच्या पैदाशीत इतका वेग कोणी पाहिला नव्हता.

याचे कारण माशाच्या अफाट प्रजननशक्तीत आहे. गाय वर्षाला एक वासरू देते. त्यातून निवडायचे तरी किती? माशाच्या हजारो पिल्लांतून मूठभर निवडता येतात. जी गोष्ट निष्काळजी माणसाच्या हाती शाप ठरते, तीच जाणकाराच्या हाती वरदान होते.

पण निवडायचे कसे? सर्वांत मोठा मासा उचलला की काम झाले, असे वाटेल. तसे नाही. वर्गात पहिला आलेला मुलगा जात्याच हुशार आहे की त्याला तीन शिकवण्या लावल्या आहेत, हे एका गुणपत्रिकेवरून कसे सांगणार? माशाचेही तसेच. एखादे पिल्लू चार दिवस आधी जन्मले, त्याला आधी खाणे मिळाले, त्याने दांडगाई करून इतरांना हुसकावले, तर तो मोठा होतो. हा मोठेपणा पुढच्या पिढीत उतरत नाही. माशांच्या वजनात जो फरक दिसतो त्यातला साधारण पाव ते तृतीयांश भागच आनुवंशिक असतो. बाकी पाण्याची, खाद्याची आणि नशिबाची कृपा.

म्हणून शास्त्रज्ञ एकट्या माशाकडे पाहत नाहीत, त्याच्या कुटुंबाकडे पाहतात. एका नराचे बीज दोन माद्यांच्या अंड्यांना, एका मादीची अंडी दोन नरांना, अशा रीतीने सख्खी आणि सावत्र भावंडे तयार करतात. प्रत्येक कुटुंब आधी वेगळे वाढवतात. मग खूण करून सर्वांना एकाच तळ्यात सोडतात, म्हणजे पाणी आणि खाणे सर्वांना सारखेच. काढणीच्या वेळी प्रत्येक मासा मोजतात. ज्या घराण्यातली बहुतेक भावंडे चांगली वाढली, त्या घराण्यात गुण आहे असे समजायचे. ‘खाण तशी माती’ ही म्हण इथे शास्त्राचा नियम बनते. जोड्या लावताना नातेसंबंधांची वही समोर असतेच. जवळच्या नात्यात सोयरिक होऊ द्यायची नाही.

पाच नद्यांचा जयंती

हाच धडा घेऊन १९९२ साली भुवनेश्वरजवळच्या कौसल्यागंगा येथे आपल्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने रोहूवर काम सुरू केले. नॉर्वेतील मत्स्यसंवर्धन संशोधन संस्थेचे साहाय्य होते. ‘ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये’ असे आपले पूर्वज सांगून गेले. या शास्त्रज्ञांनी नेमके तेच शोधायला घेतले. गंगा, यमुना, ब्रह्मपुत्रा, सतलज आणि गोमती या पाच नद्यांतील रोहू आणले. संस्थेच्या तळ्यातील साठा सहावा. वेगवेगळ्या नद्यांतील माशांचे संकर करून एक विस्तृत पाया तयार केला, म्हणजे पुढे निवड करायला वाव राहील आणि रक्त आटणार नाही.

मासा पाण्यात असतो आणि हजारो रोहू एकसारखे दिसतात. मग कोण कोणाचा मुलगा हे कसे ओळखायचे? त्यासाठी तांदळाच्या दाण्याएवढी एक इलेक्ट्रॉनिक खूण प्रत्येक निवडक माशाच्या शरीरात सोडली. यंत्र जवळ नेले की त्यावर माशाचा क्रमांक उमटतो. त्या क्रमांकावरून आई, बाप, आजी, आजोबा सारे वहीत सापडतात. एका अर्थाने रोहूची पहिली जन्मपत्रिका इथे लिहिली गेली.

पिढ्यान् पिढ्या निवड होत गेली तशी वाढीत दर पिढीला सरासरी सतरा टक्क्यांच्या आसपास सुधारणा दिसून आली. १९९७ हे स्वातंत्र्याचे सुवर्णमहोत्सवी वर्ष होते. त्या निमित्ताने या सुधारित रोहूचे नाव ठेवले ‘जयंती’. सतरा टक्के म्हणजे फार वाटत नाहीत. पण हे व्याज सरळ नाही, चक्रवाढ आहे. ज्या दिवसांत साधा रोहू शंभर तोळ्यांचा होतो त्याच दिवसांत पहिल्या पिढीचा एकशे सतरा, दुसऱ्या पिढीचा एकशे सदतीस, तिसरीचा एकशे साठ, असे करीत हाच वेग टिकला तर पाचव्या पिढीत तो दुपटीच्या पुढे जातो. तेच तळे, तेच पाणी. शेततळ्यात पाणी सहा-आठ महिनेच टिकते, अशा आपल्या अवर्षणग्रस्त भागातील शेतकऱ्याला हे ‘लवकर वाढणे’ म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. पाणी आटण्याआधी मासा विकण्याजोगा होतो की नाही, यावर त्याचा सगळा हंगाम अवलंबून असतो.

पुढे याच रोहूत ऐरोमोनास या जिवाणूमुळे होणाऱ्या रोगाला तोंड देण्याची ताकद वाढवण्यासाठीही निवड केली गेली. त्याच संस्थेने कटल्यावर तसेच काम करून ‘अमृत कटला’ नावाचा वाण अलीकडे दिला आहे.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘आनुवंशिक सुधारणा’ म्हटले की पुष्कळांच्या भुवया उंचावतात. परक्या प्राण्याचे जनुक घुसवले असेल असे वाटते. तसाही मासा जगात झाला. उत्तर अमेरिकेत एका जातीच्या सामनमध्ये दुसऱ्या जातीच्या सामनचे वाढीचे जनुक घालून मासा तयार केला. अमेरिकेने त्याला २०१५ साली खाण्यासाठी मान्यता दिली. पण तो धंदा तगला नाही आणि २०२४ मध्ये त्या कंपनीने मासे वाढवणे थांबवले. जयंती रोहूचा या प्रकाराशी संबंध नाही. उरळीकांचनला मणिभाई देसाईंच्या संस्थेने गाईंच्या पैदाशीतून किंवा फलटणला निंबकरांच्या संस्थेने जुळी कोकरे देणाऱ्या मेंढीच्या पैदाशीतून जे साधले, त्याच कुळातले हे काम आहे. निसर्गात होते तेच. फक्त जोडीदार माणूस ठरवतो.

उजनीची चिलापी

सोलापूर-पुण्याच्या वाटेवर भिगवणला थांबून मासे खाल्ले नाहीत असा खवय्या विरळा. उजनीच्या पाण्यातून तिथे जी मासळी येते तिच्यात चिलापीचा भरणा मोठा. ही चिलापी मूळची आफ्रिकेतली. तिची मोझांबिक जात भारतात १९५२ साली आणली गेली. तळ्यात ती वरचेवर पिल्ले घालते, तळे इवल्याशा माशांनी भरून जाते आणि इतर माशांना खाणे उरत नाही, हे ध्यानात आल्यावर १९५९ मध्ये तिच्या प्रसारावर बंदी घातली गेली. पण पाण्यातून सुटलेला मासा सरकारी आदेश वाचत नाही. धरणे आणि नद्या तिने काबीज केल्या. भीमेतील मूळच्या माशांची संख्या घटली आणि चिलापीवर शेकडो मच्छीमार कुटुंबांचे पोट चालू लागले, अशी ही दुधारी कथा.

याच कुळातील नाईल चिलापीवर १९८८ साली फिलिपीन्समध्ये एक मोठा प्रकल्प सुरू झाला. इजिप्त, घाना, केनिया आणि सेनेगल या चार आफ्रिकी देशांतून रानटी मासे आणले. शिवाय आशियाई तळ्यांत रुळलेले चार साठे घेतले. अंबेकर एकनाथ इथे प्रमुख शास्त्रज्ञांपैकी एक होते. तुलना केली तेव्हा आफ्रिकेच्या पाण्यातून नव्याने आलेले काही साठे तळ्यात पिढ्या काढलेल्या माशांपेक्षा सरस निघाले. तळ्यातल्या माशांचे रक्त आटले होते, याचा हा ढळढळीत पुरावाच. पाच पिढ्यांच्या निवडीनंतर वाढ मूळ साठ्याच्या तुलनेत सुमारे ८५ टक्क्यांनी सुधारली. ‘गिफ्ट’ या नावाने हा वाण अनेक देशांत गेला. आंध्र प्रदेशातील बापटला येथे जन्मलेले डॉ. मोदडुगु विजय गुप्ता यांनी गरीब शेतकऱ्यांपर्यंत मत्स्यपालन नेण्याचे जे काम केले त्यात या वाणाच्या प्रसाराचाही भाग होता. त्यांना २००५ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

भारतातही आता गिफ्ट चिलापी नियम पाळून वाढवता येते. फक्त नर वाढवायचे, पाणी नदीत जाऊ द्यायचे नाही, पक्षी पिल्ले उचलून नेणार नाहीत अशी जाळी लावायची, असे ते नियम. उजनीचा अनुभव गाठीशी असताना हे नियम कागदावरच राहणे परवडणारे नाही.

मुठेचा महाशीर कावेरीत

सुधारणेच्या उत्साहात एक प्रश्न विसरला जातो. तळ्यासाठी घडवलेला किंवा केंद्रात जन्मलेला मासा नदीत सोडावा का? याचे उत्तर देणारी एक कथा आपल्या मातीतूनच सुरू होते.

कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या एका महाशीर माशाचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. निळसर परांचा हा मासा ‘टॉर खुद्री’ या नावाने जगाला माहीत झाला. पुढे तो आपल्या नद्यांतून दिसेनासा होऊ लागला, तेव्हा लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकात त्याची पैदास हाती घेतली. लक्षावधी पिल्ले वाढवली, ठिकठिकाणच्या जलाशयांत सोडली. हेतू अत्यंत चांगला, काम मेहनतीचे. यातली पिल्ले कावेरीतही गेली. कावेरीत मात्र तिचा स्वतःचा महाशीर होता. पाठीवर उंचवटा असलेला, पन्नास किलोंच्याही पुढे जाणारा, जगातील सर्वांत मोठ्या महाशीरांपैकी एक. गळाने मासे धरून पुन्हा सोडणाऱ्या हौशी मंडळींच्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसले की, निळ्या परांचा पाहुणा वाढत गेला आणि घरचा धनी दुर्मीळ होत गेला. धरणे, वाळूउपसा, सुरुंग लावून केलेली मासेमारी ही कारणे आहेतच. पण बाहेरच्या महाशीराचे आक्रमण हेही महत्त्वाचे कारण अभ्यासकांनी मांडले. दैवदुर्विलास असा की, या कावेरीच्या महाशीराची शास्त्रीय ओळख २०१८ साली पक्की झाली आणि ती पक्की होताच त्याचे नाव अतिसंकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत लागले. म्हणजे बारसे आणि आजारपण एकाच वर्षी!

नॉर्वेलाही हीच चिंता आहे. पिंजऱ्यांतून निसटलेले सुधारित सामन तिथल्या पुष्कळ नद्यांत शिरले आणि रानटी सामनशी त्यांचा संकर झाला. पिंजऱ्यात भरपूर खाऊन भराभर वाढणे हा गुण. नदीत शत्रू चुकवत जगताना तोच अवगुण ठरतो.

बी कोणाच्या हाती?

निवडीचा आणखी एक नियम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. जे आपण मोजतो तेच सुधारते. वजन मोजले तर वजन वाढते. चव मोजली नाही, काटकपणा मोजला नाही, तर त्यांचे काय होईल ते दैवाधीन. ब्रॉयलर कोंबडीचे शरीर झपाट्याने वाढले आणि पायांना ते पेलेनासे झाले, हे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. रोहूच्या बाबतीत वाढीबरोबर रोगप्रतिकारशक्तीही मोजली जाऊ लागली, हे म्हणूनच समाधानाचे.

दुसरा प्रश्न मालकीचा. कोकणातल्या कोळंबी शेतीचे उदाहरण घ्या. २००९ पासून भारतात परवानगी मिळालेली व्हन्नामी कोळंबी मूळची पॅसिफिकच्या अमेरिकी किनाऱ्यावरची. तिचे रोगमुक्त, निवडलेले जनक परदेशी कंपन्यांकडून विमानाने चेन्नईत येतात, तपासणीसाठी वेगळे ठेवले जातात आणि मग त्यांची पिल्ले देशभर जातात. धंदा फोफावला, निर्यात वाढली. पण बियाण्याची किल्ली बराच काळ दुसऱ्याच्या कनवटीला राहिली. रोहूची किल्ली आपल्या हाती आहे. सार्वजनिक संस्थेने, सार्वजनिक पैशाने घडवलेला हा वाण आहे. प्रश्न तो गावापर्यंत पोहोचण्याचा आहे. येड्रेम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली असा अंदाज मांडला की, जगात पाळल्या जाणाऱ्या जलचरांपैकी दहा टक्क्यांहूनही कमी उत्पादन अशा शास्त्रशुद्ध पैदास कार्यक्रमांतील वाणांपासून येते. उरलेले सारे अजून ‘जे मिळेल ते’ या तत्त्वावर.

भुवनेश्वरला गोड्या पाण्यातील माशांची राष्ट्रीय जनक बँक उभी आहे. तिथून सुधारित जनक मासे मत्स्यबीज केंद्रांना मिळावेत, केंद्रांनी त्यांची पिल्ले शेतकऱ्यांना द्यावीत आणि काही वर्षांनी जनक बदलून घ्यावेत, अशी ही साखळी. आपल्याकडे वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था १९६१ पासून या क्षेत्रातली माणसे तयार करीत आहे. ज्ञानाची वानवा नाही. साखळीचा शेवटचा दुवा मात्र शेततळ्याच्या काठावर उभा असलेला शेतकरी आहे आणि त्यानेच प्रश्न विचारायला हवेत. बोटुकली विकत घेताना तिचे जनक कुठून आणले? किती वर्षांपूर्वी बदलले? माद्या किती, नर किती? रोहू आणि कटला वेगवेगळ्या हौदांत काढले की एकत्र? सोयाबीनची पिशवी घेताना तो लेबल वाचतो, उगवणशक्तीची चौकशी करतो, बी उगवले नाही तर तक्रारही करतो. मत्स्यजिऱ्याची पिशवी मात्र डोळे मिटून घेतो. मच्छीमार सहकारी संस्थांनी एकत्र येऊन हे प्रश्न विचारले, तर केंद्रचालकांनाही वही ठेवावी लागेल.

आणि एक काम शास्त्रज्ञांचे नाही, शेतकऱ्याचेही नाही. ते आपल्या सर्वांचे आहे. जयंती रोहू घडवायला पाच नद्या लागल्या, नॉर्वेला चाळीस लागल्या, फिलिपीन्सला आफ्रिकेतल्या पाण्यापर्यंत जावे लागले. उद्या नवा रोग आला, पाणी अधिक तापू लागले, तर त्याला तोंड देणारा गुण कुठल्या तरी नदीतल्या, कोणी न मोजलेल्या माशातच सापडणार आहे. तळ्यातला मासा म्हणजे खर्चासाठी काढलेले पैसे. ठेव नदीत आहे. त्या नदीत आपण सांडपाणी सोडतो, तिची वाळू उपसतो, तिच्यात कुठलाही मासा आणून टाकतो. नदीचे मूळ शोधू नये, असे म्हण सांगते. निदान ते सांभाळावे, एवढे तरी आपल्याकडून व्हायला हरकत नाही.